तक्रार नसलेली पेटी

४ फेब्रुवारी

प्रिय नणंदबाई,

फोन सोडून पत्र का लिहितेय, असं वाटेल तुला. फोनवर तू "हो वहिनी, बघते वहिनी" म्हणतेस आणि मागे कुणीतरी प्रिंटर चालवत असतं. लिहिलेल्याला उत्तर द्यावं लागतं. आणि यावेळी मला उत्तर हवंच आहे, कारण हा घोळ तुझ्या विधी खात्याचा आहे आणि निस्तरतेय मी.

पंधरा दिवसांपूर्वी सकाळी आमच्या अपघात विभागात एक बाई आल्या. वय तिशीच्या आसपास, खांदे रुंद, आवाज खणखणीत. पोहायला शिकवतात. तुला हे लिहू का, असं त्यांना विचारलं होतं. "नाव सोडून सगळं लिहा," म्हणाल्या. तर त्या समोर बसल्या आणि वाचून दाखवल्यासारखं बोलल्या: "काल संध्याकाळी माझ्यावर बलात्कार झाला. मी अंघोळ केलेली नाही. मला तपासा, जे काही घ्यायचं ते घ्या आणि ठेवून द्या. पोलिसांकडे जायचं की नाही ते मी ठरवीन. आज नाही."

सज्ञान बाई आहे, निर्णय तिचा. एवढं तरी कायद्यात स्वच्छ लिहिलंय. मी तपासलं. थोरल्या सिस्टर सोबत होत्या. कापसाच्या काड्या वाळवल्या, कपडे कागदी पिशव्यांत घातले (प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि सगळं कुजतं), लघवीचा नमुना गोठवायला ठेवला. काड्या-कपडे एका पेटीत, सगळ्यावर सील, सह्या, वेळ. तीन तास गेले. त्या बाई एकदाही रडल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "हे परत करावं लागणार नाही ना?" मी छातीठोकपणे म्हटलं, "नाही. म्हणून तर आत्ताच करतोय."

आणि इथेच घोडं अडलं. पेटी ठेवायची कुठे?

अधीक्षक म्हणतात, पोलिसांचं पत्र नाही तर ही पेटी रुग्णालयाची नाही. पोलीस ठाण्यातल्या अधिकारी बाई म्हणतात, तक्रार नाही तर पोलिसांची नाही. प्रयोगशाळेत फोन केला, तर तिथला माणूस म्हणतो, "मॅडम, गुन्हा क्रमांक सांगा." गुन्हा झालाय, क्रमांक नाहीये! मग ती कुणाची? माझी? घरी नेऊन तुझ्या दादाच्या शर्टांच्या कप्प्यात ठेवू?

सध्या कपडे आणि काड्या माझ्या खोलीतल्या कपाटात आहेत, गोठवलेली बाटली रक्तपेढीत. तिथल्या डॉक्टर माझ्या वर्गात होत्या म्हणून, नाहीतर तेही नाही.

तू नव्या नियमांच्या मसुद्यावर काम करतेस ना? मग मला एका ओळीत सांग: ठेवायचं कुठे आणि किती दिवस?

तुझी वहिनी

१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

एका ओळीत उत्तर: कायद्यात काहीही लिहिलेलं नाही.

चिडू नकोस, पुढे वाच. आत्ताचा कायदा असं धरून चालतो की आधी तक्रार, मग पोलीस, मग डॉक्टर. तुमच्या त्या बाई उलट्या दाराने आल्या. त्या दारावर कुणी पाटीच लावलेली नाही. ठेवू नका असं म्हटलेलं नाही, ठेवा असंही म्हटलेलं नाही.

नवे नियम खरंच लिहिले जातायत, आमच्याच शाखेत. त्यात या पेट्यांसाठी कलम आहे. सध्याच्या मसुद्यात लिहिलंय, "तक्रार दाखल न झाल्यास नमुने तीन महिन्यांनी नष्ट करावेत." यावर मी काय बोलते आणि काय बोलत नाही, हे कागदावर लिहिता येत नाही. मी बघते.

(हो, पुन्हा "बघते". पण यावेळी लिहून देतेय.)

तोवर एक कर. उद्या कोर्टात प्रश्न येईल तो पेटीत काय आहे याचा नाही. आधी विचारतील, मधल्या काळात तिला कोणी हात लावला. म्हणून कपाटाची किल्ली एकीच्याच हातात ठेव. पेटी हलवलीत तर कोणी, कुठून कुठे, कशासाठी, हे त्याच वेळी लिहा आणि दोघींनी सह्या करा. साखळीतली एक कडी जरी तुटली तरी समोरचा वकील तिथेच हात घालतो.

दादाच्या शर्टांत नको. त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

तुझी नणंद

२८ फेब्रुवारी

प्रिय नणंदबाई,

तीन महिने? हे कुणाच्या डोक्यातून निघालं? तीन महिन्यांत माणसाला साधी दाताच्या डॉक्टरची वेळ मिळत नाही!

काल त्या बाई आल्या होत्या. दारात उभ्या राहूनच विचारलं, "आहे ना?"

"आहे."

"बघू?"

मी कपाट उघडून लांबून दाखवली. त्यांनी सील बघितलं, मान हलवली आणि मग बसल्या. मी चहा मागवला. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी सांगितलं की तो माणूस त्यांच्याच तरणतलावाचा व्यवस्थापक आहे. त्यांच्या नोकरीचा करार दरवर्षी त्याच्या सहीने पुढे सरकतो. घरी वडील आहेत, पक्षाघातानंतर एक हात चालत नाही. त्यांचे उपचार याच नोकरीच्या विम्यावर चाललेत.

"मला घाबरट समजू नका," त्या म्हणाल्या. "मी तक्रार करणार आहे. पण आधी दुसरी नोकरी बघणार, मग तक्रार. उलट केलं तर तो जामिनावर बाहेर आणि आम्ही दोघं रस्त्यावर."

"किती वेळ लागेल?"

"ते मला कसं माहीत? तुम्ही किती वेळ ठेवाल?"

मी त्यांना तुझं तीन महिन्यांचं कलम सांगितलं. त्या हसल्या, पण ते हसणं बघवत नव्हतं. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या बाबतीत जे झालं त्याचीही मुदत संपते तर."

आणि आणखी एक ऐक. जागा करायला मी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, तर मागे दोन जुनी पाकिटं निघाली. माझ्याआधीच्या डॉक्टरांच्या काळातली. प्लास्टिकच्या पिशव्या, आत काळी बुरशी. त्यावर एका मुलीचं नाव आणि वय होतं. वय एकोणीस. तिला कुणी कधी कळवलं असेल? ती अजून वाट बघत असेल का?

वर अधीक्षकांचं फर्मान आलंय की मार्चमध्ये तपासणी पथक येतंय, तेव्हा "अनधिकृत वस्तू" काढून टाका. अनधिकृत! थोरल्या सिस्टर म्हणतात, कपाटावर मला बसवा, उठवून दाखवू दे.

तू खुर्चीत बसून काही करू शकतेस का? हो किंवा नाही, तेवढं सांग.

तुझी वहिनी

९ मार्च

वहिनी,

यापुढे मला ऑफिसच्या पत्त्यावर लिहू नकोस. घरी लिही.

मसुद्यात आता तीन महिन्यांऐवजी सहा महिने झालेत.

बाकी नंतर.

२० मार्च

नणंदबाईंना सा. न. वि. वि.

आपलं तीन ओळींचं आज्ञापत्र मिळालं. आपल्या साहेबांच्या टेबलावर माझी पत्रं दिसू नयेत, हे समजलं. गरिबाच्या पत्रांनी आपल्या बढतीला नजर लागायला नको. सहा महिन्यांबद्दल आभारी आहे. हाताला फोड आलाय म्हटलं की पायाला पट्टी बांधायची, तसलं हे काम.

तुझा दादा म्हणतोय असं लिहू नकोस, ती तशी नाही. तुझा दादा गेली अठरा वर्षं हेच म्हणतोय.

इथलं ऐक. परवा अधीक्षक स्वतः खोलीत आले. मागे एक सफाई कर्मचारी, हातात रुग्णालयाचा कचरा जाळायला नेतात ती पिवळी पिशवी.

"डॉक्टर, ते काढून टाका आता."

"काढते. फक्त लेखी द्या."

"काय लेखी?"

"एका बलात्काराच्या प्रकरणातला पुरावा नष्ट करायचा आदेश मी देत आहे. खाली नाव, सही, शिक्का."

"प्रकरणच नाही म्हणतोय मी!"

"मग तसं लिहा. प्रकरण नाही, हे मी ठरवलं, असं."

सफाई कर्मचारी छताकडे बघत राहिला. थोरल्या सिस्टर कपाटापुढे खुर्ची टाकून सुईत दोरा ओवत होत्या. ओवला जातच नव्हता, कारण सुई उलटी धरलेली होती. शेवटी साहेब म्हणाले, "तुम्ही लोक मला एक दिवस घरी बसवाल," आणि गेले. तपासणी पथक आलं आणि पंखे मोजून गेलं.

म्हणजे पेटी आहे. कुणाच्या जिवावर आहे ते लक्षात घे. कायद्याच्या नव्हे, एका न ओवलेल्या सुईच्या.

वहिनी

२ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. नाहीतर मीही तुझ्यासारखीच सुटले असते. आता शांतपणे सांगते.

बैठकीत मी तुझं फेब्रुवारीअखेरचं पत्र वाचून दाखवलं. पोहण्याचा, गावाचा, रुग्णालयाचा उल्लेख गाळून. बुरशी आलेल्या पाकिटाचा भाग तर पूर्ण वाचला. मग साहेबांनी विचारलं, "तीन महिने कमी वाटतात, मान्य. पण जागा कुठे आहे?"

मी म्हटलं, "साहेब, पेटी बुटाच्या खोक्याएवढी असते."

"एक असते. हजार झाल्या तर?"

"हजार बायकांवर अत्याचार झाला, तर हजार खोकी ठेवायला जागा करावी लागेल. आपण इथे आठ वर्षांची हजेरीपत्रकं ठेवलीत."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"मी सेंटिमीटरमध्ये बोलतेय, साहेब."

हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. मग म्हटलं की मुदत तीन असो की सहा, मूळ चूक वेगळीच आहे. नष्ट करायच्या आधी त्या बाईला विचारायचं, असं कलमात कुठेच नाही. साहेब म्हणाले, "'कळवून' असा शब्द घालू." कळवून! म्हणजे पत्र घरी जाणार, सासूच्या किंवा नवऱ्याच्या हातात पडणार, आणि इकडे पेटी जळणार. मी म्हटलं, "'कळवून' नको, 'संमतीने' हवं. आणि कसं कळवायचं तेही तिनेच सांगायचं."

दुसऱ्या आठवड्यात माझी बदली झाली. त्याच इमारतीत, तळघरात, जुन्या कागदांच्या विभागात. इथे खिडकी नाही, पण प्रिंटरही नाही. माझ्या जागी आलेला माणूस माझं टपाल उघडतो, म्हणून तुला घरी लिही म्हटलं. आधी सांगितलं नाही, कारण तू दादाला सांगितलं असतंस, दादाने आईला, आणि आई इथे डबा घेऊन साहेबांना भेटायला आली असती.

आता कामाचं. मसुदा हरकती आणि सूचनांसाठी खुला झालाय. कोणीही लिहू शकतं. डॉक्टर, नर्स, प्रयोगशाळेतली माणसं, कोणीही. आतून मी तो एक शब्द घालू शकले नाही. बाहेरून चारशे पत्रं आली तर फाइल जाड होते, आणि फाइल जाड झाली की सगळेच तिला जपून हात लावतात. फक्त एवढं मागा: नमुने रुग्णालयाने ठेवावेत, नावाऐवजी क्रमांक टाकावा, आणि तिच्या संमतीशिवाय काही नष्ट करू नये.

आणि वहिनी, बढती मला मागच्याच वर्षी नाकारली होती. तेव्हा तूच मला आईस्क्रीम खाऊ घातलं होतंस. विसरलीस?

तुझी बारकी

१६ एप्रिल

प्रिय बारके,

माझ्या जिभेला हाड नाही, आणि लेखणीलाही नाही हे आता कळलं. तुझ्या दादाने तुझं पत्र वाचलं आणि काही न बोलता माझ्यासमोर आणून ठेवलं. ते बोलण्यापेक्षा वाईट. मला माफ कर. तळघरात उबदार शाल घेऊन जात जा.

आता बातमी. पत्रं जमतायत. रक्तपेढीच्या डॉक्टरांनी त्यांच्या सगळ्या मैत्रिणींना कामाला लावलं. थोरल्या सिस्टरनी वसतिगृहातल्या नर्सना एका ओळीत बसवून लिहायला लावलं, आणि "संमती" शब्द चुकला की पुन्हा. प्रयोगशाळेतल्या त्या "गुन्हा क्रमांक सांगा"वाल्यानेही लिहिलंय. त्याचं म्हणणं, आमच्याकडे पेट्या आल्या तरी महिनोन्‌महिने पडून असतात, कारण तपासायला मुदतच घातलेली नाही. तेही घ्या म्हणाला.

आणि सगळ्यात मोठं नवल. अधीक्षकांनी मला बोलावलं आणि एक बंद पाकीट हातात ठेवलं. "माझंही टाका."

मी पाकिटाकडे बघतच राहिले. ते चिडून म्हणाले, "काय बघताय? नियम नसताना ठेवलं तर मी दोषी, फेकलं तर मी राक्षस. मला काय हौस आहे? एक ओळ लिहून द्या म्हणावं, मी फ्रीजच्या शेजारी झोपेन."

बाई गेल्या शुक्रवारी येऊन गेल्या. त्यांना हरकतींबद्दल सांगितलं. त्यांनी माझ्याच टेबलावर कागद घेतला. मी खोलीबाहेर गेले. परत आले तेव्हा कागद घडी घालून ठेवलेला होता, आणि वाचायची परवानगी होती. नाव नाही. लिहिलंय: "मुदत तुम्ही ठरवताय, म्हणजे मी केव्हा सावरायचं हेही तुम्हीच ठरवताय. त्या पेटीत माझ्या अंगावरून घेतलेल्या वस्तू आहेत. तीन तास मी हलले नाही म्हणून त्या तिथे आहेत. त्या फेकायच्या असतील तर मला विचारा. विचारायला एवढं जड जातं का?"

मी ते तसंच पाठवलं. एक अक्षर बदललं नाही.

तुझी वहिनी

२२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

नियम राजपत्रात आला. तळघरात पहिली प्रत माझ्याच हाती लागली, कारण जुनी झाल्यावर ती इथेच यायची आहे.

चांगलं आधी. तक्रार असो वा नसो, नमुने रुग्णालयाने ठेवायचे. नावाऐवजी क्रमांक. निदान पाच वर्षं. त्यानंतरही नष्ट करायचे ते "पीडितेच्या लेखी संमतीने" आणि तिने सांगितलेल्या मार्गानेच विचारून. शब्द आला, वहिनी. साहेबांनी स्वतः खाली येऊन सांगितलं. जिना उतरताना गुडघे दुखले, हेही सांगितलं.

आता वाईट. प्रयोगशाळेला मुदत घालायची होती, तिथे घातलंय "शक्य तितक्या लवकर". शक्य तितक्या लवकर! मी दादाला घर रंगवायला सांगितलं होतं, तेव्हा त्यानेही हेच म्हटलं होतं.

आणि सगळ्यात वाईट, शेवटच्या पानावर. "हे नियम प्रसिद्धीच्या दिनांकानंतर घेतलेल्या नमुन्यांस लागू राहतील."

म्हणजे तिच्या पेटीला नाही. जिच्या पेटीमुळे हे सगळं झालं, तिला सोडून बाकी सगळ्यांना. मी ते पान तीनदा वाचलं. मग खुर्चीवर चढून रॅकवरची सगळ्यात जाड फाइल खाली आदळली. कुणाला ऐकू गेलं नाही, तळघराचा तेवढा एक फायदा.

तुम्ही पेटी हलवू नका, जुनी पद्धत चालू ठेवा. तिलाही सांग: नियम लागू नसला तरी पेटी बेकायदा होत नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगते. कोर्ट काय म्हणेल, हे मात्र सांगू शकत नाही.

बारकी

५ नोव्हेंबर

प्रिय बारके,

तिने तक्रार केली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक शाळा आहे, तिच्या तलावावर नोकरी मिळाली. करार हातात पडला त्याच दिवशी दुपारी ती ठाण्यात गेली. मला आधी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या अधिकारी माझ्या दारात हजर.

त्यांना मी मनातल्या मनात बरंच काही म्हटलं होतं गेले नऊ महिने. पण काम चोख केलं बाईंनी. प्रत्येक सील भिंगाने बघितलं, रक्तपेढीतून बाटली बर्फात घेतली, पावती दिली. जाताना म्हणाल्या, "तेव्हा मी 'आमची नाही' म्हणाले होते. मला वरून तसंच सांगितलं होतं. तरी तुम्ही ठेवलीत, बरं केलंत."

मला फार गोड काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "प्रयोगशाळेत शक्य तितक्या लवकर पाठवा." त्यांना माझ्या चिडण्याचं कारण कळलं नाही.

तुझी वहिनी

२० मे

प्रिय वहिनी,

समन्स आलं हे दादाकडून कळलं. नीट ऐक, हे नणंद म्हणून नाही, विधी खात्यातली म्हणून सांगतेय.

प्रयोगशाळेचा अहवाल त्याच्या विरुद्ध गेलाय. त्यामुळे त्याचा वकील अहवालाला हात लावणार नाही, पेटीला लावेल. तू ती कोणत्या अधिकाराने ठेवलीस, हेच विचारेल. तुला डिवचेल. तू चिडलीस की तो जिंकला. विचारलं तेवढंच सांग. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. आणि देवाच्या शपथेवर सांगते, त्याला "उंटावरून शेळ्या हाकू नका" असं काही म्हणू नकोस.

बारकी

११ जून

प्रिय बारके,

म्हटलं नाही. जिभेच्या टोकावर होतं, पण गिळलं.

कोर्टाची खोली लहान, पंखा आवाज करणारा. तो माणूस इस्त्रीच्या शर्टात पहिल्या बाकावर. मला वाटलं होतं राक्षसासारखा दिसेल. शाळेच्या कारकुनासारखा दिसतो. ती भिंतीजवळ, वडिलांचा चालणारा हात हातात धरून.

वकीलसाहेब गोड आवाजात सुरू झाले. "डॉक्टर, पोलिसांनी नमुने ठेवायला सांगितलं होतं?"

"नाही."

"अधीक्षकांनी?"

"नाही. त्यांनी काढून टाकायला सांगितलं होतं."

"म्हणजे वरिष्ठांचा आदेश मोडून?"

"लेखी आदेश मागितला होता. तो आला नाही."

"नऊ महिने. एका लाकडी कपाटात. नियमाच्या आधाराशिवाय. या नऊ महिन्यांत कुणीही त्या पेटीत काहीही घालू शकलं असतं, बरोबर?"

"सील तोडल्याशिवाय नाही. सील पोलिसांनी तपासून घेतलं, प्रयोगशाळेने तपासून उघडलं."

"पण तुमच्याजवळ नियम होता का, डॉक्टर? होय किंवा नाही."

तुझ्या सगळ्या सूचना आठवल्या. "नाही," म्हटलं. मग न विचारलेलं एकच वाक्य बोलले, मारायचं तर मार मला: "नियम नव्हता. पेशंट होती."

वकीलसाहेब म्हणाले, हे गाळावं. न्यायाधीशबाईंनी लिहिणाऱ्याला खूण केली आणि ते गाळलं गेलं. पण त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे एकदा बघितलं.

पेटी पुरावा म्हणून घ्यायची की नाही, यावर त्यांनी चहानंतर निर्णय दिला. जेवढं लक्षात राहिलं ते सांगते. ठेवण्याचा नियम नव्हता, याचा अर्थ ठेवण्याला बंदी होती असा होत नाही. पेटी कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली हे प्रत्येक टप्प्यावर दिसतं. कायद्याची उणीव होती, तिचं ओझं तक्रारदार बाईवर टाकता येणार नाही. पुरावा ग्राह्य.

थोरल्या सिस्टर शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून निळं आहे.

तुझी वहिनी

३ डिसेंबर

प्रिय बारके,

काल निकाल लागला. दोषी. शिक्षा ऐकताना तिने मान खाली घातली नाही, वरही केली नाही. बाहेर आल्यावर सगळ्यांनी घेरलं. कुणाला रडायचं होतं, कुणाला मिठी मारायची होती. ती म्हणाली, "मला जरा वाट द्या. साडेचारला नवशिक्यांचा वर्ग आहे. ते कठडा सोडतच नाहीत, मी नसले तर आज पाण्यातही उतरणार नाहीत." वडिलांना रिक्षात बसवलं आणि गेली. रात्री फोन आला. रडत होती, पहिल्यांदाच.

तुला मसुदा शाखेत परत बोलावलंय, असं दादा म्हणतो. प्रयोगशाळेच्या मुदतीचं काम तुझ्याकडे येणार म्हणे. "शक्य तितक्या लवकर" हे तीन शब्द खोडून मगच जेव.

इकडे नव्या नियमाप्रमाणे आम्हाला खास फ्रीज आला. आला खरा, पण त्याचा प्लग आमच्या एकाही सॉकेटात बसत नाही. वीजवाला म्हणतो, हे माझं काम नाही, खरेदी विभागाचं. खरेदी विभाग म्हणतो, आम्ही फ्रीज घेतला, भिंत घेतली नाही. अधीक्षक स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली बसले, तेव्हा आठवड्याभराने तो सुरू झाला. तोवर इतकं चिडायला झालं की त्या फ्रीजला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

आज सकाळी लंगडतच कामावर गेले. एक मुलगी आली होती, मैत्रिणीचा हात घट्ट धरून. तपासा, पण पोलीस नकोत, एवढ्यात नकोत, म्हणाली. मी तिला बसवलं आणि सांगितलं, इथे ठेवू, तुझ्या नावाने नाही, क्रमांकाने. पाच वर्षं. त्यानंतरही तुला विचारल्याशिवाय कुणी हात लावणार नाही.

तिने मैत्रिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. "तसा कायदा आहे."

तू विश्वास ठेवणार नाहीस, पण हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा न चिडता म्हटलं.

तुझी वहिनी